झटका मशीनची तार आणि गुरुजींचा अलार्म

"अर्थिंग जोडलं की अलार्म रात्री-अपरात्री बोंबलतो, आणि तोडलं तर वीज कडाडली की सगळं जळून जातं. आता मी करू तरी काय?"

मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीतून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला, तेव्हा त्यांनी सगळं प्रकरण एवढ्यातच सांगून टाकलं. या भागात घरगुती अलार्म आणि कॅमेरे बसवण्याचं, दुरुस्तीचं काम मी करतो. अर्थिंगबद्दलच्या तक्रारी नेहमीच्या असतात, पण असा पेच कुणी टाकला नव्हता. जाऊन पाहिलं तर गुरुजींची दोन्ही निरीक्षणं अगदी बरोबर निघाली. चुकीचा होता तो त्यावरून सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे पडवी, मागे न्हाणी, भोवती आंब्याची कलमं आणि एका अंगाला सुरण-हळदीचे वाफे. घरात गुरुजी आणि काकी दोघंच. मुलगा पुण्याला, तो मोबाइलवर कॅमेरे बघतो. त्यानंच ही यंत्रणा बसवून घेतली: चार कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, आणि तारांनी जोडलेला अलार्म. पुढचं दार, मागचं दार आणि गेट अशा तिन्ही ठिकाणी चुंबकाचे सेन्सर, माजघरात हालचाल टिपणारा सेन्सर, कौलाखाली भोंगा. गेट घरापासून चाळीस मीटरवर. तिथपर्यंत जमिनीतून एक पीव्हीसी पाइप, आणि त्यात गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र आणणारी कोॲक्स केबल, त्याची १२ व्होल्टची तार आणि गेट सेन्सरची तार अशा तिन्ही एकत्र. कॅमेरा गेटच्या लोखंडी खांबावर थेट स्क्रूने बसवलेला. हा खांब पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

घटनाक्रम मी गुरुजींकडून तारखांसह लिहून घेतला. त्यांची डायरी लिहायची सवय इथे फार कामाला आली.

दिवाळीनंतर यंत्रणा बसली. डीव्हीआरच्या पत्र्याला हात लागला की काकींना झिणझिण्या येत. डीव्हीआर टीव्हीमागच्या दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर चालत होता, म्हणजे अर्थिंग नव्हतंच. फेब्रुवारीत वायरमनला बोलावलं. त्यानं डीव्हीआरच्या पेटीपासून आणि अलार्म पॅनेलच्या अर्थ टर्मिनलपासून एक हिरवी तार काढली आणि पडवीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपला जोडली. झिणझिण्या त्याच दिवशी गेल्या. त्याच आठवड्यात अलार्म विनाकारण वाजू लागला: कधी आठवड्यात दोनदा, कधी एका रात्रीत तीनदा. आधी पालीवर संशय आला, मग उंदरांवर, मग सेन्सरवर. माजघरातला सेन्सर दोनदा बदलला. शेवटी एप्रिलमध्ये वैतागून गुरुजींनी स्वतः पक्कड घेऊन ती हिरवी तार कापली. अलार्म गप्प झाला, झिणझिण्या परत आल्या. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाच्या पावसात शेजारच्या माळावर वीज पडली, त्यात डीव्हीआर आणि पॅनेल दोन्ही गेले.

आधी झिणझिण्यांचं, कारण सगळी साखळी तिथून सुरू झाली. डीव्हीआर, संगणक, टीव्ही यांच्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि पेटी, तसंच न्यूट्रल आणि पेटी यांच्यामध्ये लहान कपॅसिटर बसवलेले असतात. पेटीला अर्थ मिळाला नाही की हे दोन कपॅसिटर व्होल्टेज आपसात वाटून घेतात आणि पेटी साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. त्यातून वाहू शकणारा प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही खाली असतो, म्हणून धक्का न बसता मुंग्या येतात. पण आत खरोखर फेजची तार पेटीला टेकली असेल तर सुरुवातीला हाताला तसंच जाणवू शकतं, विशेषतः पायात कोरडी चप्पल असेल तर. बोटाला त्यातला फरक कळत नाही. त्यामुळे वायरमननं अर्थ दिला हे योग्यच केलं. ज्या खड्ड्याला दिला, त्या खड्ड्यात आणखी काय जोडलंय ते त्यानं पाहिलं नाही.

मीही पहिल्या फेरीत पाहिलं नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे. पाइप होता, त्यावर सिमेंटचं झाकण होतं, तार आत जात होती. मी जळलेल्या वस्तूंकडे वळलो.

काय जळलं यापेक्षा काय जळलं नाही, यातून जास्त कळलं. डीव्हीआरचे चार इनपुट होते, त्यातला फक्त गेटच्या कॅमेऱ्याचा काळा पडला होता आणि त्यामागचा मुख्य भाग मेला होता. पॅनेलवर सहा झोन, म्हणजे सेन्सर जोडायच्या सहा जागा. त्यातल्या फक्त तिसऱ्या झोनचा, म्हणजे गेट सेन्सरचा, रेझिस्टर करपलेला. गेटचा कॅमेरा गेला. बाकीचे तीन कॅमेरे शाबूत. त्याच खोलीतला टीव्ही शाबूत, शेजारचा फ्रिज शाबूत, मीटरजवळचा बोर्ड शाबूत. झटका विजेच्या खांबावरून सर्व्हिस वायरने आला असता तर फ्रिज आणि टीव्ही इतके सहज सुटले नसते. तो गेटकडून आला होता. माळावर वीज पडली की आजूबाजूच्या जमिनीचं व्होल्टेज काही क्षण जागोजागी वेगळं होतं. गेटचा लोखंडी खांब जमिनीत रोवलेला, कॅमेऱ्याची पेटी त्याला चिकटलेली, कोॲक्सची बाहेरची धातूची जाळी त्या पेटीला जोडलेली. म्हणजे चाळीस मीटरवरच्या जमिनीचं व्होल्टेज थेट माजघरातल्या डीव्हीआरपर्यंत आणून सोडणारी वाट आपणच तयार केली होती. पॅनेलमध्ये अशा झटक्यासाठी सप्रेसर असतात, पण ते झटका गिळून टाकत नाहीत, अर्थ टर्मिनलकडे वळवतात. त्या टर्मिनलची तार पक्कडीनं कापलेली होती. वळवणार कुठे?

इथपर्यंत प्रकरण नेहमीचं. पण मग अर्थिंग जोडलेलं असताना अलार्म का वाजत होता?

दुसऱ्या फेरीला मी चालू डीव्हीआर, पॅनेल आणि गेटसाठी दुसरा कॅमेरा बरोबर नेला, ते सगळं जुन्यांच्या जागी लावलं, कापलेली हिरवी तार पुन्हा जोडली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो. दिवसभर काही नाही. जुन्या पॅनेलची नोंदवही मेमरीतून वाचता आली होती. तिच्यातले सगळे खोटे अलार्म तिसऱ्या झोनचे आणि सगळे संध्याकाळी सात ते सकाळी सहाच्या दरम्यानचे. सात वाजता काकी दिवा लावायला उठल्या आणि गुरुजी पडवीत गेले. थोड्या वेळात गेटच्या कॅमेऱ्याच्या चित्रात एक बारीक पांढरी रेघ चमकून गेली. मग पुन्हा. मी घड्याळ धरलं: सेकंदाला एक, साधारण. पडवीतून बारीक आवाज येत होता, टक्, टक्, टक्. रेघ आणि टक् एकाच वेळी.

"गुरुजी, पडवीत काय लावलंत?"

"काही नाही रे, झटका मशीन. डुकरं सुरण उकरतात ना, म्हणून रात्रीचं कुंपण."

पडवीतल्या खुंटीवर सौर कुंपणाचं मशीन होतं, आणि त्याच्या अर्थची तार खांबाच्या आडून खाली उतरून त्याच खड्ड्यात गेली होती. झाकण उचललं तर पाइपवर दोन क्लॅम्प. कुंपणवाल्यानं तयार खड्डा दिसला म्हणून वापरला, वायरमननंही तयार खड्डा दिसला म्हणून वापरला.

झटका मशीन कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल, कारण अलार्मवाल्यांना कुंपण माहीत नसतं आणि कुंपणवाल्यांना अलार्म. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि कुंपणाच्या तारेत साधारण दर सेकंदाला एक अतिशय छोटा, काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं. डुकराचं नाक तारेला लागलं की ठोका त्याच्या अंगातून जमिनीत जातो, आणि जमिनीतून मशीनच्या अर्थच्या सळईतून मशीनकडे परत येतो. म्हणजे इथे जमीन ही सर्किटचीच दुसरी तार आहे. घराच्या अर्थिंगमधून एरवी काहीच वाहायला नको असतं, दोष झाला तरच वाहायचं. कुंपणाच्या अर्थिंगमधून मात्र कुंपण गळत असेल तर दर सेकंदाला वाहतं. आणि हे कुंपण गळत होतं: दोन इन्सुलेटर फुटलेले, एका कोपऱ्यात रान तारेवर चढलेलं, त्यावर रात्रीचं दव.

खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनं मोजला. मुख्य वायरिंगपासून सोडवून, प्रवाहाची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच्या ६२ टक्क्यांवर. १८० ओहम आला. कोकणातल्याला यात आश्चर्य वाटू नये. ४० मिलिमीटरचा अडीच मीटर पाइप, आणि भोवती एप्रिल-मेमधला ठणठणीत कोरडा जांभा. अशा पाइपचा रोध ढोबळमानानं मातीच्या रोधकतेच्या एक तृतीयांशाला थोडा वर असतो, आणि सुकलेल्या जांभ्याची रोधकता पाचशे ओहम-मीटर सहज भरते. मग कुंपणाचा टेस्टर पाइपला लावून त्याची खुंटी पंधरा मीटर लांब रोवली: ०.९ किलोव्होल्ट. म्हणजे ठोक्याला पाचएक अँपिअर प्रवाह त्या पाइपमधून परतत होता आणि घराचं अख्खं अर्थिंग दर सेकंदाला क्षणभर नऊशे व्होल्टांवर उडी मारत होतं. कुंपण बसवणाऱ्यांचाच ठोकताळा असा की अर्थच्या सळईवर दोन-तीनशेच्या वर दिसू नये.

आता हिरवी तार जोडली की पॅनेल आणि डीव्हीआरच्या पेट्या या उडीत सामील होणार, आणि गेटकडची जमीन मात्र स्थिर. तो फरक चाळीस मीटर केबलवर पडत होता. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा. एरवी अलार्म पॅनेल अशा क्षणिक गोष्टींकडे काणाडोळा करतं, पण गेट पटकन उघडून बंद केलं तरी कळावं म्हणून तिसऱ्या झोनचा प्रतिसाद-काळ सर्वांत कमीवर ठेवला होता. ज्या क्षणी पॅनेल झोन वाचतं नेमका त्याच क्षणी ठोका आला की "गेट उघडलं" अशी नोंद. म्हणून तर अलार्म दर सेकंदाला न वाजता लहर लागेल तसा वाजायचा, आणि म्हणून दोन सेन्सर बदलूनही फरक पडला नाही. मी मशीन बंद केलं, रेघ गेली. चालू केलं, आली. पाच वेळा केलं. गुरुजी शेजारी उभे राहून बघत होते; पाचव्यांदा त्यांनीच बटण दाबलं.

झटका मशीनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०३३५-२-७६ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: मशीनच्या अर्थची सळई आणि वीजपुरवठ्याचं किंवा टेलिफोनचं अर्थिंग यांच्यात किमान १० मीटर अंतर हवं. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेतही ते असतं. पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते.

एक गोष्ट वेगळी नोंदवतो, कारण गावात तिची गल्लत होते. झटका मशीनचा ठोका छोटा आणि मोजून-मापून दिलेला असतो. घरातली २३० व्होल्टची तार थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मरतात. कुणी असं करताना दिसलं तर त्याला थांबवा.

उपाय करायला आम्हाला दोन दिवस लागले. पहिलं काम कुंपणाचं. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओहोळाच्या बाजूला, जिथे मेमध्येही जमीन ओलसर असते, तिथे तीन जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी सळया तीन-तीन मीटर अंतरानं ठोकल्या, घराच्या खड्ड्यापासून पंचवीस मीटरवर, आणि मशीनची अर्थची तार इन्सुलेटेड केबलनं तिथे नेली. रान तोडलं, इन्सुलेटर बदलले. संध्याकाळी मशीन लावून घराच्या पाइपवर टेस्टर धरला तर आकडाच उमटला नाही.

मग घराचं अर्थिंग. वायरमन म्हणाला होता की त्यानं फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहिला, तो पेटला, म्हणजे अर्थिंग चांगलं. हा समज इतका पसरलेला आहे की थोडं थांबतो. त्या बल्बला पूर्ण पेटायला जेमतेम ०.४३ अँपिअर लागतो. १८० ओहमच्या खड्ड्यातूनही तो जरा पिवळट का होईना पेटतोच. पण उद्या डीव्हीआरमध्ये फेज पेटीला टेकली तर त्याच खड्ड्यातून २३० भागिले १८०, म्हणजे सव्वा अँपिअर वाहणार. जादा प्रवाह झाला की वीज तोडणारी ६ अँपिअरची एमसीबी सव्वा अँपिअरला जन्मात पडणार नाही. पेटी जवळजवळ २३० व्होल्टांवर बसून राहील आणि सगळ्यांना वाटत राहील की घराला अर्थिंग आहे. शिवाय बल्बची चाचणी चालू असताना घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर साठेक व्होल्ट येतात. कृपया ती करू नका.

या घराला खरं वाचवणारं साधन म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती मेन बोर्डात नव्हती, ती बसवली. तीस मिलिअँपिअर गळाला की ती वीज तोडते, आणि तेवढ्या गळतीनं १८० ओहमवरही जेमतेम साडेपाच व्होल्ट येतात. जांभ्याच्या पट्ट्यात खड्डा कितीही केला तरी रोध एमसीबी पाडण्याइतका खाली येत नाही, म्हणून माझ्या मते इथे आरसीसीबीशिवाय अलार्म बसवूच नये. बसवल्यावर ती टिकेचना, लगेच पडे. शोधलं तर टीव्हीमागच्या सॉकेटात कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या एका तुकड्यानं जोडून "अर्थिंग" केलेलं. न्यूट्रल कधी तुटला असता तर टीव्हीची पेटी थेट फेजवर गेली असती. तो तुकडा गुरुजींनी शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून ठेवून घेतला.

मग रोध कमी करायची गरज काय? ती विजेच्या झटक्यासाठी. न्हाणीचं पाणी केळींकडे जातं त्या बाजूला दोन नवे पाइप पुरले, एकमेकांपासून पाच मीटर म्हणजे लांबीच्या दुप्पट अंतरावर, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती. मीठ-कोळसा घालायचा आग्रह होता. मी नको म्हटलं, मीठ पावसाळ्यात वाहून जातं आणि जीआय पाइप खातं. जुना पाइपही काढला नाही, तिन्ही एकमेकांना जोडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आधी, ४१ ओहम आला.

गुरुजींचा मुलगा फोनवर म्हणाला, "अलार्मसाठी वेगळा, स्वच्छ खड्डा करा ना, घरच्या अर्थिंगचा त्रासच नको." कल्पना शहाणपणाची वाटते, म्हणूनच घातक आहे. एकाच घरात दोन न जोडलेली अर्थिंगं असली की वीज जवळ पडल्यावर दोघांची व्होल्टेज वेगळी होतात, आणि तो फरक पडतो नेमका दोन्हींना जोडणाऱ्या वस्तूवर, म्हणजे अलार्मच्या पॅनेलवर. गेटनं हेच केलं होतं. घराच्या आतलं सगळं एका पट्टीवर यायला हवं. मीटरजवळ एक तांब्याची अर्थ पट्टी लावली आणि तिथे पाइपांची तार, मेन बोर्ड, झटके अडवणारं एसपीडी, डीव्हीआर, पॅनेल, कौलावरच्या डिश अँटेनाचा दांडा असं सगळं आणून जोडलं. एसपीडीच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या. विजेच्या झटक्यात प्रवाह इतक्या वेगानं वाढतो की सरळ तारेच्या एका मीटरवरही काही शे व्होल्ट पडतात. तार गुंडाळून सुबक वेटोळं केलं तर आणखी. पॅनेलची १२ व्होल्टची निगेटिव्ह मात्र अर्थला जोडली नाही. निर्मात्यानं सांगितल्याशिवाय ती जोडायची नसते, नाहीतर प्रवाह फिरायला नवं वर्तुळ तयार होतं.

अपवाद एकच, कुंपण. ते या पट्टीवर कधीच यायचं नाही.

राहिलं गेट. तिथला सेन्सर सेलवर चालणारा बिनतारी लावला. तार नाही तर झटक्याला त्या बाजूनं यायला वाटही नाही. कॅमेरा मात्र केबलवरच ठेवला, खर्च वाढत होता. त्याची पेटी खांबापासून प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्सनं तोडली, आणि केबल घरात शिरते तिथे कोॲक्स आणि १२ व्होल्ट दोन्हींसाठी सर्ज प्रोटेक्टर बसवून तो आखूड तारेनं पट्टीला दिला. यानं थेट पडलेली वीज थांबत नाही, हे गुरुजींना स्पष्ट सांगितलं. वादळ दिसलं की ती केबल हातानं काढून ठेवता यावी म्हणून प्लग सोयीच्या उंचीवर ठेवला.

अर्थिंगसाठीची भारतीय संहिता, आयएस ३०४३, २०१८ मध्ये सुधारली गेली. पण तिच्यात पाहून काम करणारे वायरमन मला फार कमी भेटलेत, आणि अलार्म बसवणारे तर त्याहून कमी. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला "अर्थिंग आहे ना?" एवढंच विचारतात, "आहे" म्हटलं की ड्रिल बाहेर निघतं. या घरापासून मी झाकण उचलून क्लॅम्प मोजतो आणि प्रत्येक तारेचं दुसरं टोक बघून येतो. पाच मिनिटं लागतात, बागेतलं घर असेल तर पंधरा.

पुढच्या एप्रिलच्या शेवटी, खड्डे सर्वांत कोरडे असताना, पुन्हा जाऊन मोजलं: ५२ ओहम. आरसीसीबीचं टेस्ट बटण गुरुजी दर महिन्याच्या एक तारखेला दाबतात आणि डायरीत लिहितात. पॅनेलच्या नोंदीत वर्षभरात तिसऱ्या झोनचे दोन अलार्म होते. एक दुधवाल्यानं गेट उघडं टाकलं तेव्हाचा. दुसरा ऑगस्टमधल्या पहाटे तीनचा. कॅमेऱ्यात पाहिलं तर गेट ढकलून शेजारची म्हैस आत आली होती.